तज्ज्ञ डॉक्टर घडवायला किती खर्च येतो, आणि तो कोण भरतो?

“डॉक्टरसाहेब, मुलगी एम.बी.बी.एस. झाली. आता एम.डी. करायचं म्हणते. खासगी कॉलेजात जागा मिळतेय, पण फी ऐकून घाम फुटला. दोन एकर काढली तर जमेल. काढू का?”

परवा रक्तदाब तपासून झाल्यावर सदऱ्याची बाही खाली करता करता एका पालकांनी हा प्रश्न विचारला. त्याच दिवशी संध्याकाळी एक आजी आल्या. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. “आमच्या तालुक्याला सरकारी दवाखाना आहे, आपरेशनची खोली आहे. मग सुनेला रात्री दोन वाजता सिझरसाठी साठ किलोमीटर का पिटाळलं?” सून आणि बाळ सुखरूप आहेत. पण वाटेतला तो दीड तास आजी अजून विसरलेल्या नाहीत.

वरवर पाहता या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. परंतु तज्ज्ञ डॉक्टर कसा घडतो, त्याला किती वर्षे व किती पैसा लागतो आणि शिकून झाल्यावर त्याला काम कुठे मिळते, हे समजले की दोन्ही प्रश्नांची उत्तरे हाती येतात. आजच्या लेखात हाच हिशेब मांडायचा आहे.

किती वर्षे लागतात?

बारावीनंतर एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असतो. त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे साडेपाच वर्षे झाली. पुढे एम.डी. किंवा एम.एस. करायचे तर ‘नीट-पीजी’ ही देशपातळीवरील प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पहिल्याच प्रयत्नात मनासारखा विषय मिळतोच असे नाही. त्यामुळे एक-दोन वर्षे केवळ अभ्यासात घालवणारी मुले पुष्कळ असतात. प्रवेश मिळाला की एम.डी., एम.एस. ची तीन वर्षे. हृदयरोग, मेंदूची शस्त्रक्रिया, मूत्रपिंडविकार यांसारख्या अतिविशेष शाखांत जायचे असेल तर डी.एम. किंवा एम.सीएच. ची आणखी तीन वर्षे.

यात सक्तीच्या सेवेची वर्षेही धरावी लागतात. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्या डॉक्टरला शिक्षण पूर्ण झाल्यावर एक वर्ष शासनाची सेवा करावी लागते. यालाच आपण ‘बॉण्ड’ म्हणतो. ती सेवा टाळल्यास एम.बी.बी.एस. साठी १० लाख, पदव्युत्तर पदवीसाठी ५० लाख आणि अतिविशेष पदवीसाठी २ कोटी रुपये भरावे लागतात.

हे सारे जमेस धरले तर अठराव्या वर्षी सुरुवात केलेला मुलगा साधा तज्ज्ञ होईपर्यंत २८ ते ३० वर्षांचा होतो, आणि अतिविशेष तज्ज्ञ होईपर्यंत ३३ ते ३५ वर्षांचा. त्याच्या वर्गातला इंजिनिअर झालेला मित्र तोवर दहा-बारा वर्षे पगार घेत असतो. तज्ज्ञ होण्याच्या खर्चात ही न कमावलेली वर्षेही मोजली पाहिजेत. पालक बहुधा ती मोजत नाहीत.

फीच्या तीन पायऱ्या

पदव्युत्तर शिक्षणाच्या फीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ढोबळमानाने तीन पायऱ्या सांगता येतील.

पहिली पायरी सरकारी आणि महापालिकेच्या महाविद्यालयांची. येथे फी त्यामानाने किरकोळ असते आणि निवासी डॉक्टर म्हणून काम करताना विद्यावेतनही मिळते. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने या विद्यावेतनात दरमहा १०,००० रुपयांची वाढ मंजूर केली. म्हणजे येथे शिकणारा मुलगा घरून पैसे मागत नाही, उलट थोडेफार घरी पाठवू शकतो. मात्र त्याच्या शिक्षणाचा खर्च होत नाही असे नाही. प्राध्यापकांचे पगार, शेकडो खाटा, शस्त्रक्रियागृहे, यंत्रे हा सारा खर्च जनतेच्या करातून होतो. आणि त्याच्या हाताखालून जे हजारो गरीब रुग्ण जातात, तेही एका अर्थी त्याचे शिक्षकच असतात.

दुसरी पायरी खासगी महाविद्यालयांची. महाराष्ट्रात १९८० च्या दशकात विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली आणि त्याबरोबरच देणगीचा प्रश्न उभा राहिला. राज्याने १९८७ साली कॅपिटेशन फीविरोधी कायदा केला. पुढे १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या उन्नीकृष्णन निकालाने ‘फ्री सीट’ व ‘पेमेंट सीट’ अशी विभागणी आली. २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने ती पद्धत मोडीत निघाली. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक खासगी महाविद्यालयाची फी ठरवते. तरीही संस्थेच्या कोट्यातील आणि अनिवासी भारतीयांच्या कोट्यातील फी नेहमीच्या फीच्या कित्येक पट असते.

तिसरी पायरी अभिमत विद्यापीठांची. येथे मागणी असलेल्या विषयांची, उदाहरणार्थ क्ष-किरणशास्त्र, त्वचारोग, अस्थिरोग यांची तीन वर्षांची एकूण फी अनेक ठिकाणी एक कोटीच्या पुढे जाते. प्रवेश परीक्षेच्या गुणांवरच होतो, पण कमी गुणांच्या मुलाला महागडी जागा मिळते आणि अधिक गुणांच्या पण गरीब घरातील मुलाला ती सोडून द्यावी लागते.

कर्जाचा हप्ता

आता आपण एक साधे गणित करू. समजा, एक कोटी रुपये कर्ज काढले, व्याजाचा दर १० टक्के धरला आणि फेड दहा वर्षांत करायची ठरवली. शिक्षणाच्या तीन वर्षांतील व्याज तूर्त बाजूला ठेवू. तरी महिन्याचा हप्ता सुमारे १,३२,००० रुपये येतो. दहा वर्षांत एकूण १ कोटी ५८ लाखांवर रक्कम भरावी लागते.

म्हणजे दिवसाला ४,४०० रुपये. रविवार, दिवाळी, आजारपण सगळे धरून. दवाखान्याचे भाडे, परिचारिकांचे पगार, विजेचे बिल आणि घरखर्च यांच्या आधी हे ४,४०० रुपये बाजूला काढावे लागतात. स्वतःचे रुग्णालय बांधायचे असेल तर जागा, शस्त्रक्रियागृह, सोनोग्राफीचे यंत्र यांसाठी दुसरे कर्ज.

असा डॉक्टर कुठे बसेल? जिथे रोज पैसे देणारे रुग्ण मिळतील तिथेच, म्हणजे शहरात किंवा फार तर जिल्ह्याच्या गावी. आणि हप्त्याचा बोजा शेवटी कोणाच्या बिलात उतरतो, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. सगळे डॉक्टर अनावश्यक तपासण्या सांगतात असे मुळीच नाही. परंतु डोक्यावर असा हप्ता असताना मोह टाळणे अवघड होते, हे आम्ही डॉक्टर मंडळींनी मान्य केले पाहिजे. नवख्या तज्ज्ञाकडे रुग्ण पाठवण्यासाठी कमिशन मागण्याची ‘कट प्रॅक्टिस’ही याच अडचणीवर पोसली जाते. २०१७ साली राज्याने तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार केला होता, पण तो मसुदाच राहिला.

काम कुठे मिळते?

देशात पदव्युत्तर वैद्यकीय जागा २०१४ पूर्वी ३१,१८५ होत्या. २०२४ च्या अखेरीस त्या ७३ हजारांवर गेल्या. आपल्या राज्यात २०२४ च्या ऑक्टोबरात एकदम दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा यांसारखे जिल्हे आहेत. तेव्हा ‘एम.डी. झाला म्हणजे आयुष्याचे कल्याण’ हे जुने समीकरण आता तपासून घेतले पाहिजे. तज्ज्ञापुढे साधारण चार वाटा असतात.

शासकीय सेवा : जिल्हा, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत तज्ज्ञांची पदे असतात. काही पदे कायम, तर काही राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटी. तज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून ‘मानधन तुम्ही सांगा, आम्ही देऊ’ अशी योजनाही या अभियानात आणावी लागली.

अध्यापन : एम.डी. नंतर एक वर्ष सीनियर रेसिडेंट म्हणून काम केले की सहायक प्राध्यापकपदाचा मार्ग खुला होतो. महाविद्यालये वाढल्याने येथे मागणी आहे. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन यांसारख्या विषयांना तर मुख्यतः हाच आधार आहे.

मोठ्या खासगी रुग्णालयातील नोकरी : सुरुवातीला ठरावीक रक्कम, पुढे रुग्णांच्या फीतील हिस्सा. शहरात आज एका जागेसाठी अनेक तज्ज्ञ उभे असतात, म्हणून नवख्याला मिळणारी रक्कम अनेकदा अपेक्षेपेक्षा कमी निघते.

स्वतःचा व्यवसाय : स्वातंत्र्य सर्वांत जास्त, आणि जोखीमही. जम बसायला काही वर्षे जातातच.

विषयाप्रमाणेही चित्र बदलते. क्ष-किरणतज्ज्ञाला चांगली मागणी आहे, पण यंत्रे महाग आहेत आणि सोनोग्राफीवर १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कडक बंधने आहेत. भूलतज्ज्ञाला स्वतःचे रुग्णालय लागत नाही, तीन-चार रुग्णालयांत काम मिळते, मात्र रात्री-अपरात्री धावावे लागते. मानसोपचारतज्ज्ञाला टेबल-खुर्ची व दोन खोल्या पुरतात आणि त्यांची टंचाई सगळीकडे आहे. स्त्रीरोग व शल्यचिकित्सा या शाखांना जागा, माणसे आणि यंत्रे तिन्ही लागतात.

उलट काही विषयांना विद्यार्थीच मिळत नाहीत. २०२३ साली रिकाम्या जागा भरण्यासाठी ‘नीट-पीजी’ची पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली होती. म्हणजे एकीकडे एका जागेसाठी कोटीची फी आणि दुसरीकडे जागा रिकामी. जागांची नुसती संख्या वाढवून प्रश्न सुटत नाही, हे यावरून दिसते.

तालुक्याला तज्ज्ञ का नाही?

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडील ग्रामीण रुग्णालय हे तीस खाटांचे असते. राष्ट्रीय निकषांप्रमाणे अशा रुग्णालयात शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ हवेत. केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार ३१ मार्च २०२२ रोजी देशातील ग्रामीण भागातील अशा रुग्णालयांत गरजेच्या मानाने शल्यचिकित्सकांची ८३.२ टक्के, बालरोगतज्ज्ञांची ८१.६ टक्के, फिजिशियनची ७९.१ टक्के आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची ७४.२ टक्के कमतरता होती. म्हणजे पाच जागांपैकी जेमतेम एक भरलेली.

याचा दोष केवळ महागड्या फीला देता येणार नाही. स्वस्तात शिकलेले सरकारी महाविद्यालयाचे विद्यार्थीही तालुक्याला टिकत नाहीत. मुलांची शाळा, राहायला घर, पत्नी किंवा पतीची नोकरी ही कारणे आहेतच. परंतु आणखी एक कारण आहे आणि त्याकडे फारसे लक्ष जात नाही. तज्ज्ञ एकटा काम करू शकत नाही.

सिझेरियनचेच पाहा. स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, भूलतज्ज्ञ हवा, बाळ गुदमरले तर बालरोगतज्ज्ञ हवा, शस्त्रक्रियेत मदत करणारी प्रशिक्षित परिचारिका हवी आणि रक्त तयार हवे. यांतील एकजण जरी नसला तरी बाकीच्यांचे हात बांधले जातात. अनेक ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञाची नेमणूक होते, भूलतज्ज्ञाची होत नाही. मग तो स्त्रीरोगतज्ज्ञ बाह्यरुग्ण विभागात गोळ्या लिहून देतो, वर्षभरात हाताचे कसब गंजू लागते आणि बॉण्ड संपताच तो शहर गाठतो. आजींच्या तालुक्यातही बहुधा असेच घडले असावे. शस्त्रक्रियेची खोली होती, पण रात्री दोन वाजता तिथे भूल द्यायला कोणी नव्हते.

काही उपाय झाले आहेत

शासनाने हातावर हात धरून बसणे पसंत केले असे नाही. साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांना अठरा आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन प्रसूतीच्या आणीबाणीत भूल देण्यास तयार करण्याची योजना राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात राबवली गेली. २०२० च्या नियमाने प्रत्येक एम.डी., एम.एस. विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे सक्तीचे झाले. त्याच वर्षी राष्ट्रीय परीक्षा मंडळाने एम.बी.बी.एस. नंतर दोन वर्षांच्या पदविका सुरू केल्या. भूलशास्त्र, स्त्रीरोग, बालरोग, नेत्ररोग असे आठ विषय त्यांत आहेत आणि हे शिक्षण वैद्यकीय महाविद्यालयातच व्हावे असे बंधन नाही. पुरेशा खाटांच्या रुग्णालयातही ते घेता येते. याच मंडळाची तीन वर्षांची डी.एन.बी. ही पदवी तर जुनीच आहे आणि ती एम.डी., एम.एस. च्या बरोबरीची मानली जाते.

शासकीय सेवेतील वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मान्य केला. माझ्या मते ही वाट फार मोलाची आहे. जो डॉक्टर दोन-चार वर्षे प्राथमिक आरोग्य केंद्रात राहिला, त्याला सरकारी खर्चाने तज्ज्ञ करून त्याच जिल्ह्यात, पूर्ण चमूसह परत नेमले, तर तो टिकण्याची शक्यता अधिक. त्याच्या डोक्यावर कर्ज नसते आणि त्याला गावाची माहितीही असते.

एक गोष्ट स्पष्ट आहे. तज्ज्ञाच्या शिक्षणाचा खर्च कोणाला तरी भरावाच लागतो. समाजाने करातून भरला तर समाज त्याच्याकडे सेवा मागू शकतो. पालकाने जमीन विकून भरला तर तो डॉक्टर आधी जमिनीचे पैसे परत मिळवणार, यात नवल नाही.

पालकांनी हे विचारावे

महागड्या जागेचा निर्णय घेण्यापूर्वी पालकांनी पुढील गोष्टींची चौकशी जरूर करावी.

१) फी किती, हे तिन्ही वर्षांचे मिळून विचारावे. वसतिगृह, खाणावळ, परीक्षा, अनामत सर्व धरून. पावती मिळणार नाही अशी एकही रक्कम देऊ नये.

२) विद्यावेतन कागदावर किती आणि प्रत्यक्ष हातात किती पडते, हे तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे.

३) रुग्णालयात रुग्ण किती येतात ते स्वतः जाऊन पाहावे. सकाळी दहाला बाह्यरुग्ण विभाग आणि दुपारी वॉर्ड पाहिला तरी कल्पना येते. रिकाम्या वॉर्डात शिकलेला शल्यचिकित्सक पदवी घेऊन बाहेर पडतो, हात घेऊन नाही.

४) जागा मध्येच सोडल्यास किती दंड आहे, ते लिखित स्वरूपात घ्यावे.

५) मुलाला किंवा मुलीला तो विषय खरोखर आवडतो का, हे विचारावे. रात्रीच्या फोनचा कंटाळा असलेल्याने प्रसूतिशास्त्र घेऊ नये. शेजाऱ्याच्या मुलाने घेतला म्हणून आपणही तोच विषय घ्यायचा, असे करू नये.

६) डी.एन.बी. व पदविकांच्या जागा पाहिल्याखेरीज कोटीची जागा घेऊ नये.

७) कर्जाचा महिन्याचा हप्ता काढून तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहावा आणि ‘शिकून आल्यावर पहिली दोन वर्षे हा कोण भरणार?’ असा प्रश्न घरात सर्वांसमोर विचारावा.

त्या पालकांना मी हेच सांगितले. बहुतेक बँका शेतजमीन तारण म्हणून घ्यायला राजी नसतात, म्हणून शेतकऱ्याला ती विकावी लागते, आणि विकलेली जमीन परत येत नाही. मुलीने आणखी एक वर्ष मनापासून अभ्यास केला आणि सरकारी किंवा डी.एन.बी.ची जागा मिळवली, तर त्या एका वर्षाची किंमत दोन एकरांपेक्षा नक्कीच कमी आहे. वर्षभर एखाद्या सरकारी रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केल्यास अनुभवही मिळेल आणि पगारही. निर्णय अर्थात त्यांचा आहे.

आणि आजींना, तसेच घरात गरोदर स्त्री असलेल्या प्रत्येक कुटुंबाला एक सांगणे आहे. आपल्या रुग्णालयात तज्ज्ञांचा चमू पुरा होईपर्यंत आपण सावध राहिले पाहिजे. सातव्या महिन्यातच चौकशी करून ठेवा : आपल्या ग्रामीण रुग्णालयात रात्री सिझेरियन होते का? भूलतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतो? नसेल तर सर्वांत जवळचे, चोवीस तास शस्त्रक्रिया होणारे सरकारी रुग्णालय कोणते? आईचा रक्तगट कोणता? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या गावापर्यंत यायला किती वेळ लागतो? पहिले सिझेरियन झालेले असेल, रक्तदाब वाढलेला असेल, जुळे असेल किंवा बाळ आडवे असेल तर कळा सुरू होण्याची वाट न पाहता आधीच मोठ्या रुग्णालयात नाव नोंदवावे.

याखेरीज आणखी एक काम आपण सर्वजण करू शकतो. ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत किंवा लोकप्रतिनिधी मते मागायला येतील तेव्हा नव्या इमारतीबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा : “आमच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ केव्हा येणार?”